धर्मग्रामातील पहिला रविवार

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून निराळा झाला, तेव्हा त्याच्या पदरात दोन अगदी वेगळी जगे पडली. पूर्वेस जव्हार आणि मोखाडा ह्या तालुक्यांचा डोंगराळ पट्टा. त्यात वांगणीसारखी गावे, उतारावरची नाचणी-वरईची शेते, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्या समाजांची वस्ती, आणि हिरवा, वाघदेव, गावदेवी ही त्यांची दैवते. पश्चिमेस समुद्रकाठची वसई. तेथे केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलझाडांच्या वाड्या, आणि त्यांच्यातून डोके वर काढणारी शुभ्र चर्चे. डोंगरातला मनुष्य कामधंद्यासाठी खाली उतरला की त्याला ही चर्चे दिसतात. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित गृहस्थ वसईचा किल्ला पाहावयास आला की त्यालाही ती दिसतात. परंतु दोघेही ती बाहेरूनच पाहतात. आत काय चालते, परक्याने आत पाऊल टाकलेले चालेल काय, टाकले तर उभे कोठे राहावे, बसावे केव्हा, हात जोडावेत की नाही, हे प्रश्न दोघांच्याही मनात सारखेच उभे राहतात. ह्या बाबतीत वांगणीचा वारली आणि सदाशिव पेठेतला पदवीधर हे दोघेही सारखेच नवखे आहेत.

ह्या नवखेपणाची किंमत लहान नाही. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे निमंत्रण येते. कुटुंब नटूनथटून निघते, आणि चर्चमधला विधी संपेपर्यंत बाहेर अंगणात, नाही तर मोटारीतच बसून राहते. विधी आटोपला की मंडळी जेवणाच्या मांडवात हजर होतात. कोणाच्या मनात अनादर नसतो; असतो तो केवळ संकोच. परंतु ज्यांनी बोलावले त्यांना एवढेच दिसते की, शेजारी जेवावयास आले, आशीर्वाद द्यावयास आले नाहीत. दहनाच्या किंवा दफनाच्या प्रसंगी तर हा संकोच अधिकच बोचतो. अज्ञानातून आलेला संकोच आणि तुच्छतेतून आलेला दुरावा हे बाहेरून सारखेच दिसतात, ही ह्या विषयातील खरी अडचण होय. म्हणून कॅथलिक चर्चमध्ये प्रथमच जाणाऱ्या पाहुण्याने काय अपेक्षा ठेवावी, हे समजून घेणे केवळ कुतूहलाचे नव्हे, तर शेजारधर्माचेही काम आहे.

प्रथम, ज्यांच्या घरी जावयाचे ते लोक कोण, हे पाहणे बरे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि त्यानंतर ह्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म रुजला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील भव्य चर्चे पुढे ओस पडून त्यांचे अवशेष तेवढे उरले, परंतु गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपली उपासना सोडली नाही. ही कुटुंबे सामवेदी, वाडवळ, कोळी अशा इथल्याच जुन्या समाजांतली. त्यांची बोली मराठीचीच भावंडे. सामवेदी ख्रिस्ती वृद्धेच्या अंगावरचे लाल लुगडे इथल्याच मातीतले. वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन संघाचा बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ साली रोमने त्यास संतपद दिले. गास येथील चर्च त्याच्याच नावाचे आहे. थोडक्यात, चर्चच्या दारात उभा राहिलेला मराठी पाहुणा परदेशात पाऊल टाकीत नसून, आपल्याच भाषेच्या एका दालनात शिरत असतो.

ह्या दालनाला वसईकर ‘धर्मग्राम’ असे सुंदर नाव देतात. एका चर्चच्या भोवतालच्या ठरावीक हद्दीत राहणाऱ्या सर्व कॅथलिक कुटुंबांचा मिळून एक धर्मग्राम होतो. अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत. त्याचा प्रमुख तो बिशप. वसईचा धर्मप्रांत मुंबईच्या महाधर्मप्रांतातून १९९८ साली वेगळा करण्यात आला. पापडीचे चर्च हे त्याचे मुख्य मंदिर. धर्मग्राम म्हणजे नुसती इमारत नव्हे, ही गोष्ट पाहुण्याने आरंभीच ध्यानात घ्यावी. तेथे जन्मलेल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची आणि विवाहांची नोंदवही असते. अशा नोंदी ठेवण्याची सक्ती ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली केली. शेजारी बहुधा शाळा असते, मागे स्मशानभूमी असते, आणि गरजू कुटुंबांची विचारपूस करणारी मंडळे असतात. रविवारी सकाळी तेथे जमणारा समुदाय हा एकमेकांची सुखदुःखे जाणणारा गावच असतो. म्हणून नवा चेहरा ओळखू येतो. कोणी जवळ येऊन ‘कुठून आलात?’ असे विचारले तर ती चौकशी नव्हे, ते स्वागत होय. ‘पाहावयास आलो’ एवढे खरे उत्तर तेथे पुरेसे असते.

आता प्रत्यक्ष भेटीकडे वळावयाचे. रविवारच्या मुख्य उपासनेस ‘मिस्सा’ म्हणतात. मूळ लॅटिन उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना जे वाक्य म्हणत, त्यातील शब्दावरून हे नाव पडले, आणि ते पोर्तुगीजांच्या मुखातून मराठीत आले. ‘पाद्री’, ‘क्रूस’ हे शब्दही त्याच वाटेने आलेले. रविवारची मिस्सा साधारणपणे तासभर चालते. इतर दिवशीची अर्ध्या तासात आटोपते. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते. एका चर्चमध्ये रविवारी अनेक मिस्सा असतात, आणि वसईच्या शहरी भागात त्या मराठीप्रमाणेच इंग्रजीतूनही होतात. म्हणून भाषा आणि वेळ आधी विचारून घ्यावी. दहा मिनिटे लवकर पोहोचावे आणि मधल्या किंवा मागच्या बाकावर बसावे. ह्यात संकोच नव्हे, सोय आहे. पुढचे लोक उभे राहिले, बसले, गुडघे टेकले, हे मागून दिसते आणि काही चुकत नाही.

पोशाखाचे नियम साधेच आहेत. देवळात जाताना मराठी घर जो नीटनेटका वेष करते तोच येथे चालतो. पुरुषांनी टोपी काढावी. पूर्वी स्त्रियांनी मस्तक झाकावे असा चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेचा दंडक होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो नाही, तरी काही वृद्ध स्त्रिया अद्याप पदर घेतात. पादत्राणांविषयी मराठी पाहुणा हमखास गोंधळतो. कित्येक चर्चमध्ये ती घालूनच आत जातात, काही ठिकाणी काढतात. दारात चपला दिसल्या तर काढाव्यात, न दिसल्या तर काढण्याचे कारण नाही. दूरध्वनी बंद करावा. विधी चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत. लहान मूल रडू लागले तर त्यास घेऊन क्षणभर बाहेर जावे. त्याचे कोणास वाईट वाटत नाही, कारण प्रत्येक बाकावर असे एखादे मूल असतेच.

दारात शिरताच एका पात्रात पाणी दिसते. ते मंत्रून पवित्र केलेले असून भाविक त्यात बोटे बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे ह्यांना स्पर्श करतात. हीच क्रुसाची खूण. बाप्तिस्म्याचे ते स्मरण होय. पाहुण्याने तसे केलेच पाहिजे असे नाही. समोर वेदी असते. तिच्या मागे किंवा बाजूस एक लहान, बंद, सुशोभित पेटिका आणि तिच्यापाशी अखंड तेवणारा दिवा. त्या पेटिकेत पवित्र भाकरी ठेवलेली असते, आणि म्हणूनच तिच्यासमोरून जाताना कॅथलिक मनुष्य एक गुडघा टेकतो. पाहुण्याने तेथे नुसती मान लवविली तरी आदर पोहोचतो. भिंतींवर येशूच्या शेवटच्या यात्रेची चौदा चित्रे असतात. मरियेच्या आणि संतांच्या मूर्ती पाहून मराठी पाहुण्यास आपल्याकडील मूर्तिपूजा आठवते. चर्चची शिकवण मात्र ह्यात भेद करते: ७८७ सालच्या नायसिया येथील परिषदेने ठरविल्याप्रमाणे मूर्तीला दिलेला मान मूर्तीतल्या व्यक्तीस पोहोचतो, आराधना मात्र एका देवाचीच. संतांपुढे मेणबत्ती लावणे म्हणजे थोरल्या भावाला ‘माझ्यासाठी शब्द टाक’ म्हणून सांगण्यासारखे आहे.

एका कोपऱ्यात लाकडी कपाटासारखी खोली दिसेल आणि तिच्यापाशी रांग असेल. दर्शनाची रांग समजून पाहुणे तीत उभे राहतात, असा गमतीचा प्रकार होऊ शकतो. ती पापनिवेदनाची जागा होय. तेथे ऐकलेले एक अक्षरही धर्मगुरू कोणाजवळ उच्चारू शकत नाही. त्याने ते उघड केले तर चर्चमधील जबरदस्त शिक्षेस तो पात्र होतो. त्या रांगेपासून चार पावले दूर राहणे हा सभ्यतेचा भाग आहे.

मिस्सेचे दोन मोठे भाग आहेत आणि त्यांतला फरक कळला म्हणजे बाकीचे सारे उलगडते. पहिला भाग ऐकण्याचा, दुसरा भाग भोजनाचा. धर्मगुरू आणि त्यांचे साहाय्यक गीताच्या साथीने वेदीकडे येतात, सर्व जण उभे राहतात. आरंभी जमलेले लोक आपल्या अपराधांची कबुली देतात. ती कबुली धर्मगुरूही सर्वांबरोबर देतो, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. नंतर सर्व जण बसतात आणि वाचने सुरू होतात. रविवारी ती तीन असतात: पहिले बहुधा बायबलच्या जुन्या करारातून, दुसरे प्रेषितांच्या पत्रांतून, तिसरे शुभवर्तमानातून. पहिल्या दोहोंच्या मध्ये स्तोत्र गातात. पहिली दोन वाचने सामान्यतः धर्मग्रामातीलच एखादा शिक्षक, गृहिणी किंवा विद्यार्थी करतो. शुभवर्तमानाच्या वेळी सारे उभे राहतात, कारण तेथे येशूचे शब्द व कृत्ये वाचली जातात. ही वाचने कोणाच्या लहरीवर अवलंबून नसतात. १९६९ साली ठरलेल्या क्रमानुसार त्यांचे तीन वर्षांचे चक्र असते. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक ह्यांच्या शुभवर्तमानावर भर असतो. त्यामुळे एखाद्या रविवारी नंदाखालच्या चर्चमध्ये जे वाचले जाते तेच त्या दिवशी मनिलात आणि रोममध्येही वाचले जाते.

वाचनानंतर प्रवचन. मराठी श्रोता कीर्तन-प्रवचनाला सरावलेला असल्यामुळे येथे त्यास परकेपणा वाटत नाही. फरक एवढाच की हे प्रवचन आटोपशीर असते आणि त्याचा विषय नुकत्याच झालेल्या वाचनातून घेतलेला असतो. त्यानंतर सर्व जण उभे राहून आपली श्रद्धा एका ठरलेल्या मजकुरात म्हणतात, आणि मग आजारी, मृत, राज्यकर्ते, पाऊसपाणी अशा अनेक गोष्टींसाठी प्रार्थना होतात. येथपर्यंतच्या भागात पाहुणा मोकळेपणी सामील होऊ शकतो. त्याने ऐकावे, गीतपुस्तक हाती आले तर गावे, मनात जे असेल ते मागावे. श्रद्धेचे जे शब्द त्यास आपले म्हणता येत नाहीत ते त्याने म्हणू नयेत. मौन धरून नुसते उभे राहणे अगदी उचित आहे. गुडघे टेकणे हेही ऐच्छिक; त्या वेळी बसून राहावे, मात्र मागच्या मनुष्यास अडचण होईल असे रेलू नये.

मध्येच एक थाळी किंवा पिशवी बाकांवरून फिरते. ती स्वेच्छादानाची होय. पाहुण्याने काही घातले तर स्वीकारतात, न घातले तर कोणी पाहतही नाही. त्याच सुमारास काही जण भाकरी आणि द्राक्षरस वेदीकडे नेऊन देतात आणि दुसरा भाग सुरू होतो. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जे भोजन केले त्याचे शब्द धर्मगुरू उच्चारतो. लोक गुडघे टेकतात, लहान घंटा वाजते, चर्चमध्ये नीरव शांतता पसरते. कॅथलिक श्रद्धेनुसार ह्या क्षणी भाकरी आणि द्राक्षरस ह्यांचे बाह्य रूप तसेच राहून त्यांचे सत्त्व पालटते, आणि ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. ही श्रद्धा पाहुण्याने मानावी अशी कोणाची अपेक्षा नसते. परंतु भोवतालचे लोक ती मानतात, एवढे त्याने जाणले म्हणजे त्या शांततेचा अर्थ त्यास कळतो.

त्यानंतर प्रभूची प्रार्थना, आणि शांतीचे अभिवादन. पाश्चात्य देशांत ह्या वेळी हस्तांदोलन करतात. येथे शेजारचा मनुष्य बहुधा हात जोडून नमस्कार करतो. ह्या नमस्कारालाही इतिहास आहे. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. त्यापूर्वी धर्मगुरूचे मिस्सेतील शब्द लॅटिनमध्येच असत आणि तो लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभा राही. पुढे १९६९ साली भारतीय बिशपांनी सुचविलेल्या बारा गोष्टींना रोमने संमती दिली. त्यांत अंजलिमुद्रा, पंचांग प्रणाम, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, जमिनीवर बसून उपासना ह्यांचा समावेश होता. म्हणजे शांतीच्या वेळी शेजाऱ्याने जोडलेले हात ही नकळत लागलेली सवय नव्हे. ती विचारपूर्वक स्वीकारलेली देशी रीत आहे. पाहुण्याने तसाच नमस्कार करावा. संपूर्ण मिस्सेत त्याच्या वाट्याला आलेला हा सर्वांत सोपा आणि सर्वांत मनमोकळा क्षण होय.

आता तो प्रसंग येतो, जेथे मराठी पाहुण्याची चूक होण्याचा खरा संभव असतो. लोक बाकांवरून उठून रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या हातावर किंवा जिभेवर गव्हाची, बेखमीर, पातळ, वाटोळी चकती ठेवतो. हिंदू घरात वाढलेल्या मनुष्याला हा प्रसाद वाटतो. आणि प्रसाद नाकारणे म्हणजे देवाचा व यजमानाचा अपमान, असा संस्कार त्याच्यावर बालपणापासून झालेला असतो. म्हणून अत्यंत सद्भावनेने तो रांगेत उभा राहतो. परंतु येथे रीत नेमकी उलट आहे. प्रसाद हा देवाला दाखवून सर्वांस वाटावयाचा असतो. जो येईल त्यास तो मिळालाच पाहिजे. ही भाकरी मात्र प्रसाद नव्हे. ती घेणे म्हणजे ‘ही श्रद्धा माझी आहे आणि ह्या समुदायाशी मी एक आहे’ असे सर्वांसमक्ष सांगणे होय. म्हणून बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांनीच ती घ्यावयाची. तेही तासभर आधी अन्न न घेता. ज्याचे मन गंभीर पापाने भारलेले आहे असा कॅथलिकही आधी पापनिवेदन केल्यावाचून पुढे जात नाही, बाकावरच बसून राहतो. तेव्हा बसून राहिलेल्या पाहुण्याकडे कोणी वळून पाहत नाही. त्या वेळी पुष्कळ जण बसलेलेच असतात.

हा एक दरवाजा बंद का, असा प्रश्न सुशिक्षित मनाला पडतो, आणि तो रास्त आहे. शेजाऱ्याचे लग्न असो, जेवण असो, सर्वत्र ज्याला बोलावतात त्याला येथेच का थांबवितात? उत्तर असे की, जी गोष्ट लोक प्राणमोलाची मानतात ती शिष्टाचारासाठी हातावर ठेवली तर तिचे मोल राहत नाही. आणि जो मनुष्य ते मानत नाही त्याच्याकडून तसे मानल्याची खूण करवून घेणे हा त्याच्याही प्रामाणिकपणाचा अवमान होय. हा नियम पाहुण्याच्या श्रद्धेला हीन लेखण्यासाठी नसून उभयपक्षी खरेपणा राहावा म्हणून आहे. चुकून चकती हातात आलीच, तर ती खिशात टाकू नये, घरी नेऊ नये. धर्मगुरूस किंवा जवळच्या माणसास शांतपणे परत द्यावी. कोणी रागावत नाही. बाकीचे दरवाजे उघडे आहेत, हेही लक्षात ठेवावे: भस्मबुधवारी कपाळास लागणारी राख, गुड फ्रायडेला क्रुसाला वंदन, संतांच्या सणाची मिरवणूक, मेणबत्ती, आशीर्वाद, प्रार्थना, ह्यांस धर्माची अट नाही.

भाकरीवाटप झाल्यावर काही क्षण शांतता असते. नंतर धर्मग्रामातील सूचना वाचतात. ह्या सूचना पाहुण्याने अवश्य ऐकाव्यात. कोणाचे लग्न ठरले आहे, कोणते शिबिर भरणार आहे, कोण वारले आहे, हे त्यांतून कळते; धर्मग्राम म्हणजे गाव कसे, हे त्या पाच मिनिटांत जितके समजते तितके ग्रंथ वाचून समजत नाही. शेवटी आशीर्वाद आणि निरोप. बाहेर अंगणात धर्मगुरू उभे असतील तर त्यांस ‘फादर’ आणि व्रतस्थ भगिनींस ‘सिस्टर’ म्हणून नमस्कार करावा. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतात. तेव्हा आपल्याकडील आपुलकीच्या रीतीप्रमाणे ‘मुले किती?’ असे विचारण्याचे टाळावे.

पाहुणा बहुधा लग्नासाठी किंवा अंत्यविधीसाठीच चर्चमध्ये येतो, म्हणून त्या दोहोंविषयी थोडे सांगणे जरूर आहे. विवाह बहुधा मिस्सेतच होतो. त्याचा गाभा मंत्रात नसून वधूवरांच्या स्पष्ट शब्दांत उच्चारलेल्या संमतीत असतो. चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे ते दोघे एकमेकांस हा संस्कार देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतो. ते शब्द ऐकण्यासाठीच पाहुण्याने आत बसावयाचे. अक्षता आत उधळू नयेत; त्यासाठी बाहेरचे अंगण आहे. अंत्यविधीत शवपेटीवर पवित्र जल शिंपडतात, धूप दाखवितात, प्रार्थना म्हणतात आणि मग दफन होते. पाहुण्याने फुले वाहावीत, खड्ड्यात मूठभर माती लोटावी. ह्यात धर्मभेद आड येत नाही. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी कबरींवर फुले आणि पेटलेल्या मेणबत्त्या दिसतात. सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्या मनाला तो देखावा समजावून सांगावा लागत नाही.

धर्मगुरूंच्या झग्याचा रंग पाहून वर्षातला काळ ओळखता येतो. नाताळ आणि ईस्टर ह्यांचा पांढरा. नाताळापूर्वीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ ह्यांचा जांभळा. पवित्र आत्म्याच्या सणाचा व हुतात्म्यांचा लाल. उरलेल्या साध्या दिवसांचा हिरवा. गुड फ्रायडेला जगात कोठेही मिस्सा होत नाही. त्या दिवशी वेदी उघडी, घंटा मुकी. ज्या पाहुण्यास केवळ समारंभ नव्हे तर नित्याची उपासना पाहावयाची असेल त्याने हिरव्या रंगाचा एखादा साधा रविवार निवडावा. गर्दी कमी असते आणि लोकांना बोलावयास सवड असते.

एक भीती उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही, पण ती असते: एकदा गेले की मागे लागतील काय? कॅथलिक होण्याची वाट लांब आणि पायरीपायरीची आहे. प्रौढांसाठीचा जुना दीक्षाक्रम १९७२ साली पुन्हा रूढ करण्यात आला. त्यात शिक्षण, प्रतीक्षा आणि वारंवार विचारलेली संमती असून शेवटी सामान्यतः ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा होतो. बाकावर बसल्याने, गीत गायल्याने किंवा आशीर्वाद घेतल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, जसा वारीत चार पावले चालल्याने कोणी वारकरी होत नाही. पाहुणा म्हणून गेलेला मनुष्य पाहुणा म्हणूनच परत येतो. फक्त शेजाऱ्याच्या घरातले देवघर त्याने पाहिलेले असते.

आणि मराठी माणसाला तेथे आणखी एक गोष्ट भेटते. ती म्हणजे त्याची भाषा. १५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. वसईच्या नंदाखाल गावी जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक दीर्घकाळ संपादित केले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंतची ही चारशे वर्षांची परंपरा रविवारी सकाळी वसईच्या चर्चमध्ये ऐकू येते. जी प्रार्थना परक्या भाषेत असेल असे पाहुण्यास वाटत होते, ती त्याच्या आजीच्या भाषेत चाललेली असते.

तात्पर्य, प्रथमच जाणाऱ्याने फारशी तयारी करण्याची गरज नाही. वेळेवर जावे, मागे बसावे, इतरांबरोबर उभे राहावे, जे आपले नाही ते घेऊ नये आणि जे सर्वांचे आहे ते मोकळेपणी घ्यावे. देवळाच्या पायरीवर, दर्ग्याच्या उंबरठ्यावर किंवा डोंगरातल्या गावदेवीसमोर जो मनुष्य सभ्यपणे वागू शकतो, त्यास चर्चमध्ये वागणे निराळे शिकावे लागत नाही. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर चर्चचे नाव आणि मिस्सेची वेळ छापलेली असते, ती यजमानाने विनाकारण छापलेली नसते. जेवणाच्या वेळेआधी तासभर निघावे, एवढेच तिचे सांगणे असते.